कवायत कुठे संपते

बातम्यांमध्ये बेड्या नेहमी ‘ठोकल्या’ जातात आणि मुसक्या ‘आवळल्या’ जातात. ही क्रियापदं इतकी रुळलेली आहेत की वाचताना कुणी त्यांच्यापाशी थांबत नाही. पण पोलिसांना सुरक्षित अटकेचं तंत्र शिकवायचं असेल, तर पहिल्याच दिवशी दोन्ही मनातून काढावी लागतात. हातकडी ठोकायची नसते, मनगटावर टेकवून दाबायची असते. आणि ती आवळायची तर मुळीच नसते. लावल्यावर आपोआप आवळली जाऊ नये, म्हणूनच तिच्यात दुसरं कुलूप दिलेलं असतं.

हातकडीची रचना साधी आहे. एका बाजूला दोन पात्यांची स्थिर कमान, दुसऱ्या बाजूला खिळीवर फिरणारी एकेरी दातेरी कमान, आणि आत स्प्रिंगवर बसवलेला खटका. दाते पुढे सरकतात, मागे येत नाहीत. फिरती कमान स्थिर कमानीतून आरपार जाते आणि पूर्ण गोल फिरून पुन्हा आपल्या जागी येते. जॉर्ज कार्नी यांनी १९१२ साली अमेरिकेत या रचनेचं पेटंट घेतलं. कमान हाताने उघडून धरावी लागत नाही, त्यामुळे एका हाताने समोरच्याचं मनगट धरून दुसऱ्या हाताने हातकडी लावता येते. आजचं सगळं तंत्र या एका सोयीवर उभं आहे.

लावण्याआधीची तयारी पट्ट्यावरच्या पाकिटात हातकडी ठेवतानाच सुरू होते. फिरती कमान शेवटच्या दोन-तीन दात्यांपर्यंत आणून ठेवायची, म्हणजे थोड्याशा दाबाने ती आरपार सुटते. डबल लॉक, म्हणजे ते दुसरं कुलूप, आधीच पडलेलं नाही ना, ते बघायचं. पडलेलं असेल तर कमान हलणारच नाही, आणि हे कळण्याची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे समोरच्याचा हात आपल्या हातात असताना. मग साखळी किंवा मधला जोड मुठीत घट्ट धरायचा, एकेरी कमान मनगटाच्या करंगळीकडच्या कडेवर, उंचवट्याच्या हाडाच्या आणि तळहाताच्या मधल्या खोलगट जागेत टेकवायची आणि सरळ रेषेत दाबायचं. कमान आत सुटते, मनगटाभोवती फिरते आणि दाते कटकट करत बसतात. इथे घाई केली, हात उचलून आपटला, तर दोन गोष्टी होतात. कमान हाडावर तिरकी बसते आणि फिरतच नाही. आणि ज्याने हात शांतपणे दिला होता तो वेदनेने हात ओढून घेतो. त्या ओढण्याला मग ‘प्रतिकार’ म्हटलं जातं. तो प्रतिकार आपणच निर्माण केलेला असतो, हे प्रशिक्षणार्थ्याला स्वतःच्या मनगटावर एकदा अनुभवायला दिलं की फार समजावावं लागत नाही.

दोन्ही हात पाठीमागे, तळवे बाहेरच्या दिशेला, चावीचं भोक हातांच्या विरुद्ध बाजूला. मग बोटाची तपासणी: कडी आणि मनगट यांच्यामध्ये तर्जनीचं टोक जायला हवं, आणि हे दोन्ही हातांना, अंगठ्याच्या बाजूनेही बघायचं. अंगठ्याची बाजू सांगण्याचं कारण शरीररचनेत आहे. मनगटाच्या त्या कडेवर रेडियल नावाच्या मज्जातंतूची एक शाखा हाडावरून जाते. तिच्यावर स्नायूंचं आवरण नसतं, फक्त कातडी असते. कडीची धार तिथे दाबली गेली की अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा येतो आणि तो काही वेळा आठवडे, क्वचित महिनेही टिकतो. ‘घट्ट आहे, दुखतंय’ ही तक्रार खरी आणि खोटी ओळखण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक वेळी बोट घालून बघावं. खोटी असेल तर काही सेकंद गेले, खरी असेल तर एका माणसाचा हात वाचला.

त्यानंतर डबल लॉक. चावीच्या टोकाला असलेली बारीक खीळ कडीवरच्या छोट्या छिद्रात दाबली, किंवा काही बनावटींमध्ये खाचेतली कळ सरकवली, की खटका जागीच अडकतो. दाते आता पुढेही जात नाहीत. हे केलं नाही तर माणूस गाडीत पाठ टेकून बसतो, त्याचं वजन कडीवर येतं, आणि प्रत्येक धक्क्याला एकेक दाता पुढे सरकतो. ठाण्यात पोहोचेपर्यंत मनगट सुजलेलं असतं. कुणी आवळलं नाही आणि तरीही आवळलं गेलं. जमिनीवर झटापट चालू असताना मात्र हे कुलूप घालण्याचा हट्ट धरू नये. बारीक चावी, बारीक छिद्र आणि धडधडणारं हृदय यांचं जमत नाही. आधी माणसाला कुशीवर घ्यावं, मग चावी काढावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रशिक्षणात सराव कसा चालतो? जोडीदार हात मागे देतो, कडी बसते, कटकट आवाज येतो, प्रशिक्षक ‘छान’ म्हणतो, कडी सोडतात, पुढची जोडी. शंभर वेळा केलं तर शंभर वेळा कवायत त्या आवाजावर संपते. शरीर जे वारंवार करतं तेच शिकतं, आणि कुठे थांबायचं हेही शिकतं. शस्त्र हिसकावण्याच्या सरावात हिसकावलेलं नकली पिस्तूल दर वेळी जोडीदाराला परत देण्याची सवय लागते, आणि खऱ्या प्रसंगात तोच हात पुढे जाण्याचा धोका असतो, हे प्रशिक्षक जाणतात. म्हणून चांगल्या हॉलमध्ये ते पिस्तूल जमिनीवर ठेवून जोडीदाराला स्वतः उचलायला लावतात. पण कडीच्या आवाजावर थांबण्याची सवय यापेक्षा कितीतरी मोठी हानी करते आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. कारण अटकेतला जिवाला असलेला धोका पुष्कळदा त्या आवाजानंतर सुरू होतो.

पालथं पडलेल्या माणसाच्या छातीत काय चाललेलं असतं ते नीट समजून घ्यायला हवं. श्वास घ्यायला बरगड्या वर-बाहेर उघडाव्या लागतात आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकावं लागतं. पोट जमिनीवर दाबलेलं असलं की आतड्यांना जायला जागा उरत नाही, श्वासपटलाची खाली येण्याची वाट अडते. पोट मोठं असेल तर जास्तच. पाठीवर कुणाचा गुडघा असेल तर बरगड्याही अडतात. शिवाय हा माणूस नुकताच पळाला आहे, झगडला आहे. स्नायूंनी रक्तात आम्ल ओतलेलं आहे आणि ते काढून टाकायचा शरीराचा सगळ्यात जलद मार्ग म्हणजे जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. नेमका तोच मार्ग आपण बंद केलेला असतो. स्वस्थ पडलेल्या माणसाला ज्या दाबाचं फारसं काही वाटणार नाही, तो दाब झगडून दमलेल्या माणसाचं हृदय थांबवू शकतो. ‘आम्ही तर सरावात एकमेकांच्या पाठीवर बसतो, काही होत नाही’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. सरावातला जोडीदार दमलेला नसतो, नशेत नसतो, घाबरलेला नसतो, आणि दोनदा गादीवर थाप मारली की त्याच्यावरचं वजन उठतं.

दुसरा गैरसमज याहून घातक: बोलतोय म्हणजे श्वास घेतोय. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायूची देवाणघेवाण होते तिथे पोहोचतच नाही. आता समजा दबलेल्या छातीत दोनशेच मिलिलिटर हवा जातेय. स्वरयंत्र वाटेवरच आहे, त्यामुळे आवाज निघेल, शब्दही निघतील. पण कामाच्या जागी पोहोचतात पन्नास. ‘श्वास घेता येत नाही’ हे शब्द उच्चारता येणं आणि पुरेसा श्वास मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायला पाच मिनिटं लागतात. कोणत्याही पकडीच्या आधी तो शिकवला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि मग ते चक्र. हवा कमी पडलेला माणूस छाती उचलायची म्हणून हातापायांनी जमीन ढकलतो. पाठीवर वजन टाकून बसलेल्या अधिकाऱ्याला ती ढकल प्रतिकार वाटते, तो आणखी वजन टाकतो. हवा आणखी कमी, ढकल आणखी जोराची. शेवटी माणूस शांत होतो आणि सगळ्यांना वाटतं, आला ताब्यात. अचानक आलेली शांतता हे यशाचं लक्षण मानायचं नाही. ती धोक्याची घंटा मानून लगेच नाडी आणि श्वास बघायचा, इतकी साधी गोष्ट सरावात घोटली पाहिजे.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसांनी अटक करताना जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्या घटनेबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे. प्रशिक्षणाच्या नजरेने त्यातल्या तीन गोष्टी मला सगळ्यात जड वाटतात. पहिली, त्यांना जमिनीवर पालथं धरण्याच्या आधीच हातकडी लागलेली होती. दुसरी, अधिकाऱ्याचा गुडघा मानेवर आणि पाठीवर ९ मिनिटं २९ सेकंद होता, असं सरकारी पक्षाने खटल्यात मांडलं. तिसरी, त्या दरम्यान तिथल्याच एका नवख्या अधिकाऱ्याने त्यांना कुशीवर वळवायचं का, असं विचारलं होतं, दुसऱ्याने नाडी लागत नसल्याचं सांगितलं होतं, आणि पकड तशीच राहिली. माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही. कडी लागताच माणसाला पोटावरून उठवा, ही सूचना अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९५ सालीच पत्रक काढून दिलेली होती. म्हणजे ज्ञान होतं, तोंडातून शब्दही निघाला होता. सवय मात्र नव्हती. करणाऱ्याला थांबण्याची नव्हती आणि बघणाऱ्याला थांबवण्याची नव्हती.

म्हणून कवायतीचा शेवट हलवायचा. कडी बसली की एक: पाठीवरचं वजन उचला. गुडघा टेकवावाच लागला असेल तर तो खांद्याच्या पात्यावर असावा; मणक्यावर किंवा मानेवर कधीच नाही, आणि तोही स्वतःचं वजन आपल्या पायाच्या चवड्यावर धरून. दोन: माणसाला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवून, म्हणजे तो पुन्हा पालथा लोळत नाही. तीन: विचारा आणि बघा. नाव काय, कुठे दुखतंय, दमा आहे का, हृदयाचा आजार आहे का, काही घेतलंय का. ओठांचा रंग, घाम, छातीची हालचाल. चार: बोटाची तपासणी आणि डबल लॉक. पाच: बसवा, आणि तोल सावरला की दोघांनी दोन्ही बाजूंनी काखेखाली आधार देऊन उभं करा, कडीला धरून उचललं तर खांदा निखळू शकतो. सहा: अंगझडती. सात: गाडीत बसवून सीटबेल्ट. पाठीमागे हात बांधलेल्या माणसाला अचानक ब्रेक लागल्यावर सावरायला काहीच नसतं. आणि पालथं घालून गाडीतून कधीच न्यायचं नाही, हात आणि पाय एकमेकांना मागून बांधून तर अजिबात नाही. हे सगळं झाल्यावरच प्रशिक्षकाने शिट्टी वाजवायची. सुरुवातीला प्रशिक्षणार्थी कडीच्या आवाजावर सवयीने सैल पडतात, एकमेकांकडे बघतात. शिट्टी वाजत नाही म्हटल्यावर हळूहळू हात पुढचं काम शोधू लागतात.

थांबवण्याचाही सराव लागतो. ज्येष्ठ अधिकाऱ्याला रस्त्यावर, लोकांसमोर, कनिष्ठाने ‘सोडा’ म्हणणं हे कुठल्याही गणवेशात अवघड आहे. भाषणाने ते सोपं होत नाही. आधी ठरवलेला एक शब्द असावा, किंवा ‘सर, मी घेतो’ एवढं वाक्य, आणि सोबत खांद्यावर हात. त्याचा अर्थ एकच: तुम्ही उठा, तुमची जागा मी घेतो, चर्चा नंतर. सरावात प्रत्येक ज्येष्ठाला हे ऐकून उठायला लावायचं आणि प्रत्येक कनिष्ठाला म्हणायला लावायचं. निदान दहा वेळा. न उठणारा ज्येष्ठ आणि न बोलणारा कनिष्ठ, दोघांनाही अनुत्तीर्ण करायचं. तीन किंवा अधिक जण असतील तर एकाचं काम फक्त डोक्यापाशी बसून चेहरा आणि श्वास बघण्याचं असावं. त्याने हात-पाय धरायचे नाहीत. आणि तो ‘थांबा’ म्हणाला की हुद्दा बघायचा नाही.

हात लागण्याआधीच्या भागाबद्दल थोडं. तिथे बहुतेक अटका सुरळीत होतात किंवा बिघडतात. दोन हातांच्या लांबीइतकं अंतर, शरीर किंचित तिरकं, शस्त्राची बाजू मागे, तळवे उघडे आणि कमरेच्या वर. नजर समोरच्याच्या हातांवर, कारण इजा हात करतात. दोघे असतील तर एक बोलतो आणि कडी लावतो, दुसरा गप्प राहून भोवताल बघतो. बोलणारा एकच. एक जण ‘हात वर’ ओरडतोय आणि दुसरा ‘हलू नको’, अशा वेळी कोणता हुकूम पाळला तरी दुसऱ्याचा मोडतो. हुकूम छोटा, एका वेळी एकच, आणि त्यानंतर पाळायला वेळ. बहिरा माणूस, भाषा न कळणारा, नशेतला, स्वमग्न किंवा भीतीने गोठलेला माणूस उत्तर देत नाही, आणि उत्तर न देणं म्हणजे नकार नव्हे. ‘हात मागे घ्या’ आणि ‘हात मागे घे’ यांत मराठी कानाला केवढा फरक जाणवतो! अरे-तुरेने माणसाच्या मानाला ठेच लागते, आणि ठेच लागलेला मान हात द्यायला तयार नसतो. ‘तुम्ही’ म्हणायला काही लागत नाही.

सांध्यांच्या पकडींवर वर्गांचे सगळ्यात जास्त तास जातात. माझ्या मते ते निम्म्यावर आणावेत. हात सरळ करून कोपराच्या जरा वर, मागच्या स्नायूबंधावर दाब देणारी पकड, मनगट वाकवणारी पकड, आणि दोघांनी एकेक हात धरून खाली बसवण्याची पद्धत, एवढ्या तीन पक्क्या आल्या तरी पुष्कळ. शिकवायचा क्रम असा: आधी सांध्यातला सैलपणा संपेपर्यंत आणायचं, तिथे थांबायचं, काय हवंय ते सांगायचं, वाट बघायची, मग थोडासा दाब. त्याने ऐकलं की दाब त्याच क्षणी कमी. ऐकूनही दुखतच राहिलं तर ऐकण्यात अर्थ काय, असंच कुठलंही शरीर ठरवतं. वेदनेवर बेतलेल्या पकडीची मोठी अडचण म्हणजे जिथे ती सगळ्यात जास्त हवीशी वाटते, तिथेच ती चालत नाही. नशेत किंवा तीव्र मानसिक अस्वस्थतेत असलेल्या माणसाला वेदना उशिरा जाणवते किंवा जाणवत नाही, आणि तोपर्यंत अस्थिबंध फाटलेला असतो. अशा माणसाला अटक ही वैद्यकीय तातडी समजून रुग्णवाहिका आधीच बोलवावी.

मानेबद्दल वाटाघाट नको. दोन्ही बाजूंच्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिणी दाबल्या तर माणूस साधारण दहा सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो. हात दोन इंच सरकला तर दाब श्वासनलिकेवर आणि स्वरयंत्राच्या कूर्चेवर येतो. गादीवर, ओळखीच्या जोडीदारासोबत ही दोन इंचं सांभाळता येतात. रस्त्यावर, घामात, अंधारात, मान वळत असताना नाही. २०२० नंतर अनेक पोलीस दलांनी मानेच्या पकडी बंद केल्या किंवा फक्त प्राणावर बेतल्यावरच मान्य केल्या. प्रशिक्षण हॉलमध्ये त्या शिकवूच नयेत.

हॉलची शिस्त थोडक्यात. खरं शस्त्र, काडतूस, चाकू दाराबाहेर. तपासणी तीनदा, स्वतः, जोडीदाराने आणि प्रशिक्षकाने. घड्याळ, अंगठ्या काढलेल्या. जुन्या दुखापती आधी सांगितलेल्या, आणि त्या बाजूच्या हाताला ठळक रंगाची पट्टी, म्हणजे जोडीदाराला झटापटीतही दिसते. थाप किंवा ‘बस’ म्हणताच सगळं सुटतं. वेग आधी पाव, मग अर्धा. पूर्ण वेग आणि खरा प्रतिकार फक्त ठरलेल्या चौकटीत, एकेका तुकड्याचा. अटक होणाऱ्याची भूमिका करणाऱ्याला चिठ्ठी द्यावी. एकात लिहिलेलं, ‘पहिल्या हुकुमाला ऐका’. दुसऱ्यात, ‘तुम्हाला ऐकू येत नाही’. तिसऱ्यात, ‘कडी लागल्यावर वीस सेकंदांनी गप्प व्हा’. तिसरी चिठ्ठी कुणाला दिली आहे ते कुणालाच सांगायचं नाही. वर्षातून एकदा सलग दोन दिवस घेण्यापेक्षा दर महिन्याला तास-दोन तासांचा सराव कितीतरी जास्त टिकतो. विसरणं पहिल्याच आठवड्यांपासून सुरू होतं.

बळ अगदी आवश्यक असेल तेव्हाच आणि कर्तव्याला लागेल तितकंच वापरायचं, आणि ताब्यातल्या माणसाच्या आरोग्याचं पूर्ण रक्षण करायचं, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ साली स्वीकारलेल्या पोलीस आचारसंहितेत आहे. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्या भागाचं रोजचं रूप म्हणजे वरची सात पावलं.

कडी काढण्याचा सराव तर जवळपास कुठेच होत नाही, आणि तिथेही चुका होतात. डबल लॉक घातलेलं असेल तर चावी आधी उलट दिशेला फिरवून ते सोडवायचं, मग सुलट फिरवून खटका उघडायचा. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावतो आणि चावी आतच मोडते. एक हात सुटला की मोकळी दातेरी कमान म्हणजे टोकदार लोखंड. ती लगेच मिटवून घ्यावी, तो हात डोक्यावर किंवा भिंतीवर ठेवायला सांगावा, मगच दुसरा सोडवावा. सुटलेली दोन्ही मनगटं उजेडात बघावीत. वळ कुठे आहे, कातडी फाटली आहे का, बोटं हलतात का. अंगठ्याच्या मागच्या बाजूला कापसाचा बोळा फिरवून विचारावं, ‘दोन्हीकडे सारखंच लागतंय का?’ उत्तर काय आलं ते वेळेसह नोंदवहीत लिहावं, आणि ‘नाही’ असेल तर डॉक्टरांना दाखवावं.